न्हाणीघराचा अर्ज

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं, बिचारीवर फार अन्याय झाला. अन्याय झाला, तो झालाच. पण तो सगळा दुसऱ्यांनीच केला असं छातीठोकपणे सांगायची माझी आता तयारी नाही.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. आम्ही मिशिगनच्या पश्चिमेला, मोठ्या तळ्याकाठच्या एका गावात राहत होतो. गाव डच लोकांचं. त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा हॉलंडहून बोटीने येऊन तिथे उतरले आणि येताना सगळं घरदार, देवधर्म, शिस्त बरोबर घेऊन आले. अंगणात लाकडी बुटांमध्ये फुलझाडं, मे महिन्यात ट्यूलिपची जत्रा, रविवारी दोनदा चर्च. पत्रपेट्यांवरची निम्मी आडनावं 'व्हॅन'ने सुरू व्हायची. आमचे हे तिथल्या ऑफिस-फर्निचरच्या कारखान्यात इंजिनियर होते. दहा वर्षं भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये काढून आम्ही गावातल्या सगळ्यात चांगल्या वस्तीत घर घेतलं. विटांचा रस्ता, दोन्ही बाजूंना मेपलची थोराड झाडं, लाल विटांची दुमजली घरं आणि त्यांना पांढऱ्याशुभ्र चौकटी. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू. त्या रस्त्यावर आपल्याकडचे म्हणून आम्ही तिघंच होतो. हे, मी आणि आमची नऊ वर्षांची मुलगी.

त्या वस्तीचे काही नियम लिहिलेले होते आणि काही न लिहिलेले. न लिहिलेले आधी कळले. रविवारी गवत कापायचं नाही, गाडी धुवायची नाही, कपडे वाळत घालायचे नाहीत. रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीला पडदा ओढायचा नाही. आतलं टेबल, दिवा, कुंडी, जेवणारी माणसं, सगळं येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलं पाहिजे. पडदा ओढला की लोकांना वाटतं, ह्यांचं काहीतरी लपवण्यासारखं आहे. कॉफीला बोलावलं की एक कुकी. एकच. दुसऱ्या कुकीचा विचार मनात यायच्या आत डब्याचं झाकण लागलेलं असतं. पहिल्यांदा जाऊन आले तेव्हा ह्यांना म्हटलं, "अहो, मी घरी येऊन पोळी-भाजी खाल्ली." हे हसत सुटले. तेव्हा मलाही हसू यायचं.

लिहिलेले नियम आईच्या निमित्ताने कळले.

वडील गेल्यावर आई कोल्हापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत एकटी राहत होती आणि मालक जागा सोडा म्हणून हात धुऊन मागे लागला होता. तिचे गुडघे पार गेलेले. भाऊ इचलकरंजीला होता, पण त्याच्याकडे आई आणि वहिनी चार दिवसांच्या वर एकत्र राहिल्या की दोघींची तोंडं दोन दिशांना. मी इथली सिटिझन झाले ती खरं तर आईसाठीच. तिचे कागद भरले आणि पत्रात लिहून टाकलं, आता तू माझ्याकडे, कायमची. आईने उलट टपाली विचारलं, तुझ्या घराला जिना आहे का गं?

जिना होता. चौदा पायऱ्यांचा, अरुंद आणि इतका उभा की मीसुद्धा कठडा धरून उतरायची. झोपायच्या खोल्या वर, आणि अख्ख्या घरात बाथरूम एकच, तीही वर. खाली साधा संडाससुद्धा नाही. ज्याने बांधलं त्याच्या घरात म्हातारं माणूस नसावं. म्हणून आम्ही ठरवलं, स्वयंपाकघराच्या मागे एक खोली काढायची आणि तिला लागून न्हाणीघर. आई खालीच झोपेल, खालीच अंघोळ करेल, पायरीशी संबंधच नको. ह्यांनी स्वतः बसून नकाशा काढला. तिचे देव कुठे ठेवायचे तेही मी ठरवून मोकळी झाले. आईला कळवलं, जिन्याची काळजी करू नकोस, तुझी खोली बांधतोय.

तर म्हणे परवानगी लागते. आणि ती गावाची पुरत नाही, वस्तीचीही लागते. घरं जुनी, ती आहेत तशी जपायची, म्हणून पाच जणांची एक कमिटी होती. बाहेरून एक खिळा मारायचा झाला तरी तिच्यापुढे अर्ज करायचा. महिन्यातून एकदा, मंगळवारी संध्याकाळी, लायब्ररीच्या तळघरात त्यांची मीटिंग असायची.

सप्टेंबरात आम्ही नकाशा घेऊन गेलो. सगळे इतके सभ्य, इतके हळू बोलणारे, की मला वाटलं दहा मिनिटांत काम झालं. एकाने विचारलं, खोली रस्त्यावरून दिसेल का? हे म्हणाले, मागच्या बाजूला आहे, झाडांमुळे दिसणार नाही. "आणि हिवाळ्यात? पानं गळल्यावर?" झालं. हिवाळ्यात रस्त्यावरून काय दिसेल त्याचं चित्र काढून आणा म्हणाले. ऑक्टोबरात ते नेलं, तर विटा निघाल्या. नव्या विटांचा रंग जुन्यांशी जुळला पाहिजे. ह्यांनी शनिवार-रविवार आसपासची गावं पालथी घालून विटांचे नमुने गोळा केले. नोव्हेंबरात विटा पसंत पडल्या, पण न्हाणीघराची खिडकी लहान पडली. घराच्या बाकीच्या खिडक्यांच्या मापात बसत नाही म्हणे.

"अहो, न्हाणीघराला एवढी मोठी खिडकी?" मी म्हटलं. "माझी आई आत अंघोळ करणार आहे."

कमिटीतल्या एक बाई अगदी गोड हसून म्हणाल्या, "दुधी काच लावता येईल की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणी तोंडावर नाही म्हटलं असतं तर मी भांडले तरी असते. इथे प्रत्येक जण मान डोलवायचा, तुमच्या आईची आम्हाला कल्पना आहे म्हणायचा, आणि पुढच्या महिन्याची तारीख द्यायचा. डिसेंबरात नाताळ, म्हणून मीटिंगच नाही. चार महिने आमचं घोंगडं भिजत पडलं. घरी आले की मी भांडी आपटायची. मुलगी म्हणायची, "मम्मा, यू आर सो लाउड." मी म्हणायची, लाउड आहे म्हणूनच तुझा अभ्यास होतो. हे बिचारे गप्प बसून नकाशातली खिडकी खोडायचे आणि परत काढायचे.

तिकडे आईचा व्हिसा झाला. डिसेंबराच्या शेवटाला तिचा फोन आला. त्या काळी फोन म्हणजे आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू यायचा, त्यामुळे दोघी ओरडतच बोलायचो. व्हिसा मिळाल्यापासून चार महिन्यांत इथे पाय ठेवायलाच हवा होता, नाहीतर सगळी कागदपत्रं पहिल्यापासून. एप्रिलमध्ये निघते म्हणाली. "मालकाला शब्द दिलाय गं. भांडी वाटायला घेतलीत. बंब शेजारणीला दिला." मग म्हणाली, "खोली झाली का?"

"होतेय," मी म्हटलं. जमिनीवर दोन फूट बर्फ होतं आणि हातात मंजुरीचा कागद नव्हता.

बांधकामवाला सरळ माणूस होता. जमीन मोकळी झाली की मार्चात लगेच सुरू करतो म्हणाला, पण जानेवारीच्या मीटिंगमध्ये मंजुरी मिळाली तरच, नाहीतर तो दुसरं काम धरणार. आणि कमिटीचा कायदा असा की मतदानात अर्ज पडला तर वर्षभर तोच अर्ज परत करता येत नाही. म्हणजे जे काय व्हायचं ते त्या एका मंगळवारी.

पाचांपैकी दोघं आमच्या बाजूचे होते आणि दोघं पहिल्यापासून विरुद्ध. गोड हसणाऱ्या बाई विरुद्ध होत्या, हे काही मला वेगळं सांगायला नको. पाचवे म्हणजे आमच्या समोरच्या घरातले गृहस्थ. सत्तरी ओलांडलेले, हायस्कूलचे रिटायर्ड हेडमास्तर, बायको दोन-तीन वर्षांपूर्वी वारलेली. आम्ही घरात त्यांना समोरचे आजोबा म्हणायचो. पाठ ताठ, बोलणं मोजकं. बर्फ पडलं की सकाळी आधी स्वतःच्या दारातलं काढायचे आणि मग काही न बोलता आमच्या दारातलं. एकदा फावड्यावर हात ठेवून आपणहून ह्यांना म्हणाले होते, "त्या खोलीत मला तरी काही गैर दिसत नाही."

"मग झालं तर," हे मला म्हणाले. "तीन मतं झाली."

पण मला चैन पडेना. आपल्याकडे एवढं मोठं काम असलं की आधी घरी जाऊन भेटून येतात. रिकाम्या हाताने जात नाहीत. माझ्या वडिलांनी नळाचं कनेक्शन असो की माझी कॉलेजची ॲडमिशन, आधी त्या माणसाच्या घरी जाऊन चहा घेतला, पोराबाळांच्या हातावर खाऊ ठेवला, आणि मग उठताना म्हटलं, तेवढं आमचं बघा. त्याला कुणी लाच म्हणत नव्हतं. आपली तोंडओळख असली की साहेबाला कागदामागचं माणूस दिसतं, इतकाच त्याचा अर्थ. आजोबांना आईबद्दल धड सांगितलंच नाहीये, असं माझ्या मनाने घेतलं.

शनिवारी मी बेसनाचे लाडू केले. बेसन शिकागोहून आणलेलं, तीन तास गाडी चालवून, जपून वापरायचं. पत्र्याच्या गोल डब्यात नीट रचले आणि रविवारी दुपारी ह्यांना म्हटलं, चला.

"अगं, फोन करून जाऊ."

"समोर जायला कसला फोन? रविवार आहे, घरीच असतील."

"रविवार आहे म्हणूनच म्हणतोय."

मी ऐकते कशाला. साडी नेसले, वर कोट चढवला, आणि ह्यांना पुढे घालून रस्ता ओलांडला.

आजोबांनी दार उघडलं तेव्हा ते सूट-टायमध्ये होते. सकाळचं चर्च झालेलं, संध्याकाळचं व्हायचं होतं, मधल्या वेळेत खुर्चीत पुस्तक घेऊन बसले असावेत. आम्हाला बघून ते क्षणभर दारातच उभे राहिले. मग आत घेतलं. कॉफी केली, एकेक कुकी ठेवली. मी डबा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "तुमच्यासाठी. मी घरी केलेत."

मग मी बोलत सुटले. आईचे गुडघे, वडील गेले ते, मालकाने जागा सोडायला लावली ते, सगळं. माझे डोळेही भरून आले आणि ते नाटक नव्हतं. शेवटी म्हटलं, "परवा मंगळवारी तेवढं आमच्या बाजूने बघा. सगळं तुमच्या हातात आहे."

हे माझ्याकडे बघत होते. आजोबा डब्याकडे बघत होते. मग म्हणाले, "तुमच्या आईबद्दल वाईट वाटतं." आम्हाला दारापर्यंत सोडलं. मी रस्ता ओलांडताना ह्यांना म्हटलं, "बघा, माणसासारखं बोललं की माणूस विरघळतो."

मंगळवारी तळघरात आमच्या अर्जाची पाळी आली आणि आजोबा उठून उभे राहिले. हातात माझा डबा. तो त्यांनी पाचही जणांच्या समोर टेबलावर ठेवला.

"रविवारी अर्जदार माझ्या घरी आले होते," ते म्हणाले. आवाज शाळेत हजेरी घेताना असावा तसा. "त्यांनी मला ही भेट दिली आणि मतदानाबद्दल विनंती केली. मी डबा उघडलेला नाही. पण आता मी या अर्जावर मत देऊ शकत नाही."

आणि खाली बसले.

दोन विरुद्ध दोन. बरोबरी झाली की अर्ज नामंजूर, असा नियम. त्या बाईंनी तो वाचूनही दाखवला. मला उठून ओरडायचं होतं की अहो, लाडू आहेत ते, बेसनाचे लाडू आहेत, खाऊन बघा. पण मी नुसती कोटाची बटणं लावत राहिले. असं माझ्या आयुष्यात फार कमी वेळा झालंय. निघताना त्या बाईंनी डबा अदबीने माझ्या हातात परत दिला.

गाडीत बसल्यावर ह्यांनी डबा उघडला आणि एक लाडू खाल्ला. मला इतका संताप आला की म्हटलं, "लाज वाटत नाही?"

"जेवलो नाहीये गं," हे म्हणाले. मग दुसरा घेतला.

हे कधीच म्हणाले नाहीत की मी फोन करून जाऊ म्हणत होतो. म्हणाले असते तर बरं झालं असतं, भांडायला तरी मिळालं असतं. मी आजोबांना शिव्या देत बसले. एवढं मिरवायचं होतं प्रामाणिकपणाचं, तर डबा दारातच परत करायचा होता. कॉफी कशाला पाजली? दोन दिवस पोटात ठेवून चारचौघांत का ओकले? माझं अजूनही मत आहे की त्यांनी रविवारीच सांगायला हवं होतं. पण त्यांच्या घरी कुणी न सांगता, रविवारी, वर डबा घेऊन आजवर आलंच नसेल, हेही आता कळतं. त्यांनाही दोन दिवस सुचलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास बेल वाजली. हे कामावर गेलेले. मुलगी तापाने घरीच होती, कोचावर पांघरूण घेऊन टीव्ही बघत होती. दारात आजोबा.

"मी आत येत नाही," ते म्हणाले. टोपी हातात होती आणि कान थंडीने लाल झाले होते. "मला मत देता आलं नाही. पण एक सांगायचं होतं. माझी बायको आजारी होती तेव्हा मी खाली बाथरूम बांधून घेतली. तेव्हा कमिटी नव्हती. धरायला दांडे आहेत, बसून अंघोळ करता येते, पायरी एकही नाही. बाजूच्या दाराने आत यायचं. मी रोज सकाळी नऊ ते अकरा मित्रांबरोबर कॉफीला जातो, घरात कुणी नसतं. तुमच्या आईंनी रोज यावं, एरवीही लागेल तेव्हा यावं. खोली होईपर्यंत. आणि नाही झाली तरी."

किल्लीसुद्धा आणली होती. तळहातावर धरून उभे होते.

आज मला वाटतं, त्या माणसाला ते चार शब्द बोलायला किती जड गेलं असेल. त्या दिवशी काहीच वाटलं नाही. मला दिसत होता तो टेबलावरचा डबा. माझे लाडू चालत नाहीत, माझी विनंती चालत नाही, आणि आता माझ्या आईने टॉवेल-साबण घेऊन याच्या दारात जायचं?

"थँक यू," मी म्हटलं. "माझी आई लोकांच्या घरी अंघोळीला जाणार नाही."

त्यांनी मान हलवली, टोपी घातली आणि रस्ता ओलांडून गेले. ह्यांना संध्याकाळी सांगितलं. हे एवढंच म्हणाले, "विचार करून सांगते म्हणायचं होतंस." मी म्हटलं, त्यात विचार करण्यासारखं काय आहे.

एप्रिलमध्ये आई आली. जेवणाचं टेबल तळघरात टाकून आम्ही जेवणाच्या खोलीत तिची कॉट लावली. ती खोली रस्त्याकडची. मी मोठ्या खिडकीला जाड पडदा लावला, तर आठवडाभरात कमिटीची चिठ्ठी. पडद्याची रस्त्याकडची बाजू पांढरी असावी, अशी नम्र विनंती. मी ती चिठ्ठी फाडली, आणि मग गपचूप पांढरं अस्तर शिवलं.

बाथरूमचा प्रश्न आईने आल्या दिवशी स्वतःच सोडवला. वर जाताना एकेक पायरी, कठडा धरून, प्रत्येक पायरीवर थांबून. उतरताना पायरीवर बसायचं आणि लहान मुलासारखं बसत बसत खाली यायचं. "अगं, मजा येते," म्हणाली. नऊवारी सावरत, पायरीपायरीवर देवाचं नाव घेत ती उतरायची तेव्हा मी स्वयंपाकघरात तोंड फिरवून उभी राहायची. दिवसातून एकदा वर, एकदा खाली. मला वाटलं, चला, जमतंय. पुढच्या जानेवारीपर्यंत काढू कसेतरी.

दिवसातून एकदाच, हे मला खटकायला हवं होतं. नाही खटकलं. आई सकाळी वर जायची ती सगळं आटपून साडेदहाला खाली यायची, आणि मग रात्री निजेपर्यंत जिन्याकडे बघायची नाही. दुपारचा चहा नको म्हणायची. "इथल्या हवेत तहानच लागत नाही बघ." मी विश्वास ठेवला. जुलैमध्ये तिला ताप भरला, थंडी वाजायला लागली, पोटात कळा. डॉक्टरने लघवी तपासली, इन्फेक्शन निघालं. त्याने विचारलं, दिवसभरात ह्या पाणी किती पितात? मी आईला विचारलं. ती ओशाळून हसली आणि म्हणाली, "प्यायलं की जावं लागतं ना गं वर."

दवाखान्यातून येताना गाडीत मी रडले, तेही आईवर ओरडत. मला सांगायचं नाहीस का? ती म्हणाली, "तू आधीच किती चिडलेली असतेस."

तिला झोपवल्यावर हे हळूच म्हणाले, "आजोबांना आता विचारूया का? ते नाही म्हणणार नाहीत."

"नाक घासत जाऊ का?" मी म्हटलं. त्याऐवजी मी कॉटशेजारी ठेवायचा कमोड आणला. रस्त्याकडची खोली, दाराऐवजी नुसती कमान, कमानीला पडदा. आईने तो तीन दिवस वापरला. चौथ्या दिवशी म्हणाली, "जावई इथून येतात-जातात गं. मला नाही जमत." आणि परत जिना, परत एकदाच.

ऑगस्टमध्ये तिने भावाला पत्र टाकलं. मला नंतर सांगितलं. इचलकरंजीला जाते म्हणाली. मी म्हटलं, तिथे वहिनीशी तुझं चार दिवस पटत नाही, कोल्हापूरच्या खोल्याही आता गेल्या. जानेवारीत आपण परत अर्ज करू. या वेळी खिडकी मोठी करू, ते म्हणतील तेवढी मोठी करू.

"वहिनीशी घेईन जमवून," आई म्हणाली. "तिच्या घराला जिना नाही."

सप्टेंबरात ती निघायच्या दोन दिवस आधीची दुपार. जेवणाच्या खोलीत आईची बॅग उघडी, मी साड्यांच्या घड्या घालतेय, आई कॉटवर बसून मला तशी नाही, अशी घाल म्हणतेय. मुलगी शाळेतून आलेली, आजीला टेकून बसलेली. पाच महिन्यांत तिचं मराठी सुधारलं होतं. मध्येच म्हणाली, "आजी, तू समोरच्या ग्रँडपाकडे का नाही गेलीस बाथला? तिथे स्टेअर्स नाहीत. ही सेड यू कॅन कम एव्हरी डे. मम्मा सेड नो."

मी घडी घालत राहिले.

"कोण गं?" आईने मला विचारलं. "ते रोज सकाळी हात करतात ते?"

मग सांगावंच लागलं. मी भराभर सांगितलं, माझी बाजू आधी. त्यांनी कसा सगळ्यांसमोर डबा ठेवला ते सांगितलं. आई ऐकत होती.

"किल्ली घेऊन आले होते?"

"हो."

"आणि घरात कुणी नसणार होतं?"

"हो, पण आई, परक्याच्या घरी तू रोज..."

"परक्याच्या?" आई म्हणाली. "तुझ्या लग्नापर्यंत चार बिऱ्हाडांत मिळून एक न्हाणी होती आपली. बादली घेऊन रांगेत उभी राहायचीस की तू. मी गेले असते गं. रोज गेले असते. तेवढाच रस्ता ओलांडला असता, झाडं दिसली असती. त्यांना दोन लाडू करून दिले असते."

ती चिडली नव्हती. चिडली असती तर मला काहीतरी उलटून बोलता आलं असतं. तिने माझ्या हातातली साडी घेतली, मी घातलेली घडी मोडली आणि स्वतःच्या पद्धतीने नीट घातली.

"मला नुसतं विचारायचंस," ती म्हणाली.

वर्षभर मी त्या पाच जणांच्या नावाने बोटं मोडत होते, की ज्या म्हातारीला ह्यांनी कधी बघितलं नाही तिच्याबद्दल हे ठरवणारे कोण. पण त्यांनी निदान प्रत्येक वेळी मला बोलावलं होतं, समोर खुर्ची दिली होती, आणि तुम्हाला काय म्हणायचंय असं विचारलं होतं. मी तर आईचा निकाल दारात उभ्या उभ्या लावला होता.